नकटीच्या डोंगराची जंगी तयारी

चांदपाशाला डॉक्टरनं चालायला सांगितलं आणि पिंपळगाव रेणुकाईतल्या निम्म्या माणसांचा जीव खालीवर झाला.

सांगणं तसं साधंच होतं. भोकरदनच्या दवाखान्यात रक्त तपासलं, साखर निघाली, डॉक्टर म्हणाले, "पाशाभाई, रोज सकाळी जरा पायी फिरत जा." दुसरा कोणी असता तर सकाळी उठून, पायात चपला सरकवून, धावड्याच्या रस्त्यानं जाऊन आला असता आणि विषय मिटला असता. पण चांदपाशा म्हणजे 'चांद मंडप, डेकोरेशन अँड साऊंड'चा मालक. मोकळ्या वावरात एका दिवसात हजार माणसांचा मांडव उभा करणारा गडी. आणि फिरायचं म्हणाल तर घरापासून गोडाऊनपर्यंतचं अंतरसुद्धा तो मोटरसायकलवर कापायचा. ते अंतर एवढंसं होतं की मोटरसायकल सुरू करायलाच जास्त वेळ लागायचा. असा माणूस नुसता फिरायला कसा जाणार? फिरायला काय, कुत्रीसुद्धा जातात.

राधेश्याम शेठच्या आडतीसमोर बाकडं होतं. राधेश्याम मिरचीचा व्यापारी. समोर मिरच्यांची पोती रिकामी होत असायची, सगळे शिंकत असायचे आणि त्या शिंकांमधून गावाचे मोठमोठे निर्णय व्हायचे. तिथंच चांदपाशानं चहाचा कप खाली ठेवून जाहीर केलं, "चालायचं तं असं चालायचं की डॉक्टरनंच हात जोडले पाह्यजे. म्या नकटीवर चढून राह्यलो. एकाच दिवसात वर आन खाली."

बाकड्यावरच्यांनी आपापले कप खाली ठेवले. शिंका मात्र चालूच राहिल्या.

नकटीचा डोंगर गावाच्या उत्तरेला, अजिंठ्याच्या रांगेतून रुसून बाजूला बसल्यासारखा उभा आहे. वरचा कडा नाक कापल्यासारखा सपाट, म्हणून नकटी. आपल्याकडं बरा डोंगर दिसला की देव आधी वर जाऊन जागा धरतो. देव नाही गेला तर पीरबाबा जातात, तेही नाही तर मोबाईलचा टॉवर जातो. नकटीवर यातलं कोणीच गेलं नव्हतं. वाट नाही, झरा नाही, सावलीला धड झाड नाही. नुसता काळा खडक आणि त्यावर वाळलेलं गवत.

"डोंगर चढणं हे शास्त्र आहे, पाशाभाई," भागवत गुरुजी म्हणाले. गुरुजी भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षं त्यांनी नकाशावर छडी ठेवून हिमालय ओलांडला होता; प्रत्यक्षात जालन्याच्या स्टेशनच्या पलीकडं ते कधी गेल्याचं कोणाला आठवत नव्हतं. हल्ली मोबाईलवर गिर्यारोहणाचे व्हिडिओ बघून त्यांचं ज्ञान आणखीच उंचावलं होतं. "उंचीवर हवा विरळ होते. शरीराला सवय करावी लागते. मी तुमच्यासोबत येतो, नाहीतर तुमचं काही खरं नाही."

"मंग जेवणाचं माझ्याकडं," राधेश्याम म्हणाला. "बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

अशी मोहीम ठरली. रातोरात 'मिशन नकटी' नावाचा ग्रुप निघाला. त्यात सकाळी फुलं यायची, दुपारी मिरचीचा भाव यायचा, संध्याकाळी कोणाच्या तरी निधनाची बातमी यायची आणि त्याखाली गुरुजी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहायचे. डोंगराबद्दल त्यात एकदा एक फोटो आला होता, पण तो कोणीतरी घाटात फसलेल्या ट्रकचा निघाला.

नियोजनाच्या बैठका चांदपाशाच्या गोडाऊनमध्ये भरायच्या. एका बाजूला बांबूंची चळत, दुसऱ्या बाजूला घडीच्या खुर्च्या, मध्ये नवरा-नवरीचं लाल मखमली सिंहासन. त्यावर गुरुजी बसायचे, कारण त्यांचे गुडघे दुखायचे. बैठक म्हटलं की मिरचीचे भजे आले. भजे तळायला सरदारबी, म्हणजे चांदपाशाची बायको. तिच्या नवऱ्यानं संसारात जेवढे बेत केले, त्या सगळ्यांत तिच्या वाट्याला कढई आली होती, म्हणून तिला कशाचं नवल वाटत नसे.

"अजी," एकदा भज्याचं ताट आपटत ती म्हणाली, "डॉक्टर पांव चलाव बोले थे. जबान नै."

"तुझेकू नै समजता," चांदपाशा म्हणाला. "प्लॅनिंग हाय ये."

"हौ. शक्कर भी प्लॅनिंगसे बढरी."

चांदपाशानं आणखी एक भजं तोंडात टाकलं.

मोहीम कधी काढायची, यावर मात्र मोठी अडचण होती. आखाडात ठरवलं तर खडक निसरडा. श्रावणात गुरुजींचे उपवास, आणि उपाशीपोटी विरळ हवेत जाऊ नये असं शास्त्र. गणपतीत चांदपाशाला मंडपाची कामं. पितृपक्षात तो मोकळा, पण राधेश्यामनं दोन्ही कान धरले: "पाशाभाई, पितरांच्या दिवसांत उंचावर? वरच्यांना वाटंल आपणच भेटायला आलो." नवरात्रात रेणुकाईच्या देवळापुढं मांडव. मग दिवाळी. शेवटी दिवाळी आणि तुळशीचं लग्न यांच्या मधल्या फटीत एक दिवस सापडला. त्या फटीतून डोंगर चढून परत यायचं होतं, नाहीतर लग्नाचा हंगाम सुरू झाला असता आणि चांदपाशाला पुढच्या पावसाळ्यापर्यंत मान वर करून डोंगराकडं बघायलासुद्धा सवड मिळाली नसती.

मध्यंतरी एकदा सरावही झाला. पहाटे उठून रेणुकाईच्या देवळापर्यंत चालत जायचं आणि चालत यायचं. जाताना तिघंही ताठ गेले. देवळाजवळ पोह्यांची गाडी होती. त्यानंतर जिलेबीची होती. परत येताना तिघांनी रिक्षा केली, आणि 'उतरताना गुडघ्यांवर ताण येतो' हे गुरुजींनी सपाट रस्त्यावर समजावून सांगितलं.

आता यात वसंताचं काय काम, ते सांगायला हवं.

वसंता म्हणजे 'जय रेणुका मंडप'. गावात मंडपवाले दोनच, आणि त्या दोघांची बोलचाल बंद. काही वर्षांपूर्वी गावातल्या एका लग्नात मुलीच्या बापानं चांदपाशाला काम सांगितलं आणि मुलीच्या मामानं वसंताला. बाप आणि मामा एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळं हे कोणाला कळलंच नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी दोन्ही टेम्पो एकाच मैदानात येऊन उभे राहिले. माघार कोण घेणार? शेजारी शेजारी दोन मांडव उभे राहिले, एक लाल-पिवळा, एक निळा-पांढरा. लग्नाच्या दिवशी दुपारी वावटळ आली, एकाचा कोपरा सुटला, दुसऱ्याचं कापड उडालं आणि अक्षता पडायच्या वेळी दोन्ही मांडव वऱ्हाडाच्या डोक्यावर एकत्र बसले. चांदपाशाचं म्हणणं, वसंतानं त्याचा दोर सोडला. वसंताचं म्हणणं, चांदपाशानं त्याचा. वावटळीवर कोणीच संशय घेतला नाही.

तेव्हापासून बोलणं बंद होतं. निरोप मात्र चालू होते. कारण गाव लहान, धंदा एक, आणि एकमेकांना टोमणे मारल्याशिवाय दोघांनाही जेवण जात नसे.

एका बैठकीला वसंता न बोलावता येऊन बसला. खुर्ची स्वतःच उघडली, ती हलवून बघितली आणि "खिळा ढिला हाये" असं छताला सांगितलं. मग तो राधेश्यामकडं वळला.

"शेठ, त्यांना सांगा, वर खडक हाये. दोर नायलॉनचा घ्या म्हणावं. सुताचा दोर तिथं काय कामाचा."

वसंता आणि चांदपाशा यांच्यात हातभर अंतर होतं.

"शेठ, त्यांना सांगा," चांदपाशा म्हणाला, "आमच्याकडं दोराची कमी न्हाई. आन आमचे दोर आपल्या आपण सुटत बी न्हाईत."

"त्यांना विचारा, टोमणा कोणाला हाये?"

"सांगा, ज्याला लागला त्याला."

राधेश्याम भजं हातात धरून एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होता. "वसंता," तो म्हणाला, "तुला यायचं हाये का?"

"मला कशाला यायचं?" वसंता म्हणाला. "पण गावातला एकच मंडपवाला नकटीवर गेला असं व्हायला नको. येतो म्या."

झालं. त्या दिवसापासून तयारीला खरी धार चढली. चांदपाशानं टेम्पोत एक सतरंजी टाकायची ठरवली. दुसऱ्या दिवशी कळलं की वसंता गाद्या आणतोय. मग चांदपाशानं छोटं जनरेटर घेतलं. डोंगरावर दिवसा जनरेटर कशाला, असं सूरजनं विचारलं. सूरज टेम्पो चालवायचा आणि त्याला प्रश्न विचारायची वाईट सवय होती. "इमर्जन्सी," चांदपाशा म्हणाला. राधेश्यामनं वरण-बट्टीसाठी गोवऱ्या, पातेली आणि वांगी भरली. गुरुजींनी एक काठी, एक शिट्टी आणि उंचीवर चघळायला लिंबाच्या गोळ्या टेम्पोत आणून ठेवल्या. बाजारपट्टीत फ्लेक्स लागला: 'भव्य नकटी चढाई मोहीम'. त्यावर राधेश्यामचा फोटो सगळ्यांत मोठा होता, कारण फ्लेक्सवाला त्याचा भाचा. तारीख इतक्यांदा बदलली होती की तिच्यावर चिकटवलेल्या कागदांचाच एक छोटा डोंगर झाला होता.

आणि मग तो दिवस खरोखरच उजाडला. हे कोणाच्याच नियोजनात नव्हतं.

सकाळी टेम्पो गोडाऊनसमोर उभा राहिला तेव्हा गुरुजी आले नव्हते. ग्रुपवर त्यांचा संदेश आला होता: 'गुडघ्याने ऐन वेळी दगा दिला. मनाने मी तुमच्यासोबत शिखरावर आहे.' खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग होती. वसंता मात्र वेळेआधी हजर होता, पायात नवे कोरे पांढरे बूट घालून. चांदपाशानं ते बूट बघितले आणि आपल्या जुन्या सँडलकडं असं बघितलं की जणू त्यांनीच त्याला बुटांपासून अडवलं होतं.

सरदारबी दारात आली. तिनं एक पाण्याची बाटली आणि कमरेला गुंडाळायला म्हणून दोराचं एक वेटोळं नवऱ्याच्या हातात दिलं. "ये लेव. बाकीका सामान नीचेच रहनेवाला है, मालूम है मेरेकू."

डोंगराच्या पायथ्याशी चार घरांची वस्ती. तिथं कचरू नावाचा एक गृहस्थ लिंबाखाली बाजेवर पडला होता. जनरेटर, गाद्या आणि पातेली भरलेला टेम्पो बघून तो उठून बसला.

"लगन कोणाचंय?" त्यानं विचारलं.

"लगन न्हाई. डोंगर चढायलोत," चांदपाशा म्हणाला. "वर जायला वाट कोणती हाये?"

"वर? वर काहून?" कचरूला खरंच कळेना. "म्या जन्मापासून इथं हाये. कधी गेलो न्हाई."

"वर काय हाये मंग?"

"दगडं."

"आन खाली?"

"खाली बी दगडंच हायेत की. पण त्याच्यासाठी चढावं लागत न्हाई." असं म्हणून तो पुन्हा आडवा झाला.

राधेश्यामनं तिथंच गाद्या उतरवल्या. "कोणीतरी खाली थांबायला पाह्यजे," तो गंभीरपणे म्हणाला. "बट्ट्या भाजायला वेळ लागतो. तुम्ही या जाऊन जल्दी." त्याच्या आवाजात त्यागाचा कंप होता. गोवऱ्यांचा धूर निघायच्या आत त्यानं चप्पल काढून गादीवर मांडी घातली होती.

राहिले दोघं. तेही एकमेकांशी न बोलणारे.

सुरुवातीचा चढ बरा होता. दोघं दहा पावलांचं अंतर ठेवून चालत होते, अशा रीतीनं की कोणी पाहिलं तर वाटावं, दोन वेगवेगळ्या गावांची दोन माणसं योगायोगानं एकाच डोंगरावर आलीत. पण अर्ध्या वाटेवर गवत संपलं, दगडांची घसरण लागली आणि अडचण उभी राहिली. निरोप न्यायला राधेश्याम नव्हता.

वसंतानं उजवीकडच्या घळीकडं बघितलं आणि डोंगराला उद्देशून म्हणाला, "काही लोकांना वाटतंय डावीकडून वाट हाये. डावीकडं तं खोल हाये."

चांदपाशा थांबला. दम लागला होता, पण तो दिसू द्यायचा नव्हता. "काही लोकांना," तो एका निवडुंगाला म्हणाला, "नवे बूट घातले की अक्कल बी नवी आल्यासारखी वाटती."

तरी तो उजवीकडं वळला. निवडुंगाच्या सांगण्यावरून वळला असं समजायला हरकत नव्हती.

सूर्य वर आला. खडक तापायला लागले. चांदपाशाचा सदरा पाठीला चिकटला, पोट पुढं, दोर कमरेला, आणि गुडघ्यांत आयुष्यभर न चाललेली सगळी वाट एकदम उतरली. मनात तो डॉक्टरला, गुरुजींना, फ्लेक्सवाल्याला आणि ज्यानं कोणी हा डोंगर इथं आणून ठेवला त्याला आळीपाळीनं शिव्या देत होता. परत फिरायला त्याची काहीच हरकत नव्हती. फक्त वसंतानं आधी फिरावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. आणि पुढं चाललेल्या वसंताच्याही मनात नेमकं हेच होतं, हे त्याच्या पाठीकडं बघून कळत होतं. अशा रीतीनं दोघंही केवळ एकमेकांच्या आशीर्वादानं वर चालले होते.

वरच्या कड्याखाली एक आडवी शिळा लागली. दीड पुरुष उंच, तिरकी, हाताला धरायला एक बोटभर भेग. वसंता काटकुळा माणूस. पालीसारखा चिकटून वर गेला. चांदपाशानंही पाय टाकला, पोटानं शिळेला टेकला, अर्धा वर सरकला आणि तिथंच राहिला. वर जाता येईना, खाली पाय पोचेना. सँडलमधून बारके खडे सुटून खाली गेले. ते पडताना आवाज आला, मग आणखी आवाज आला, मग बराच वेळ येतच राहिला.

त्यानं खाली बघितलं. बघायला नको होतं.

राधेश्यामच्या धुराची एक बारीक रेघ दिसत होती. टेम्पो काडेपेटीएवढा. एवढ्या वर आपण आलो, हे त्याला पहिल्यांदाच कळलं आणि त्याच क्षणी हातापायांतली ताकद निघून गेली. गाल तापलेल्या दगडाला टेकला होता. हजार माणसांच्या जेवणावळीत कधी न घाबरलेला चांदपाशा डोळे मिटून गप पडून राहिला. टोमणासुद्धा सुचेना.

वर वसंता थांबला होता. हवेशी बोलायची वेळ नव्हती, हे त्यालाही कळलं.

"पाशाभाई," तो म्हणाला.

इतक्या वर्षांनी ऐकलेली ती हाक चांदपाशाच्या पोटात शिळेपेक्षा जास्त रुतली.

"पाशाभाई, हलू नका. कमरेचा दोर सोडा आन वर फेका. एका हातानं."

चांदपाशानं कसाबसा दोर सोडून फेकला. पहिल्यांदा तो त्याच्याच डोक्यावर पडला. पुन्हा फेकला तेव्हा वसंतानं झेलला, मागच्या एका सुळक्याला फिरवून गाठ मारली आणि दुसरं टोक खाली सोडलं. "धरा. आन या."

चांदपाशानं डोळे उघडून वर बघितलं. दोर बघितला. मग गाठीकडं मान वळवायचा प्रयत्न केला.

"गाठ कोणती मारली?"

"आपलीच. मांडवाची."

"तुझ्या गाठीवर भरवसा?" चांदपाशा शिळेला चिकटूनच ओरडला. "त्या लग्नात तुझा कोपरा आधी सुटला व्हता!"

"माझा?" वसंता दोर सोडून उभा राहिला. "माझा कोपरा? तुमचा बांबू एक वीत बी गाडला नव्हता! वाऱ्यानं उपटला आन माझ्या कापडावर पडला!"

"खडकाळ जागा व्हती ती! तूच चांगली जागा आधी धरली व्हती!"

"म्या सकाळी सहाला आल्तो म्हणून धरली! तुम्ही चहा पीत बसले व्हते!"

"चहा मुलीच्या बापानं पाजला! माझी ऑर्डर बापाची व्हती! मामाला कोण विचारतं?"

"मामा पाठीशी उभा राह्यल्याशिवाय लगन लागत न्हाई, पाशाभाई! बापाला कोण विचारतं?"

इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं त्या कड्यावर निघालं. एक जण वर उभा राहून हातवारे करत होता, दुसरा शिळेला पोटावर चिकटून. खालून राधेश्यामला आवाज गेला असेल तर त्याला वाटलं असेल, मोहीम फत्ते झाली, जल्लोष चाललाय. भांडताना चांदपाशाला राग चढला, रागानं हातात ताकद आली, आणि वसंताला दोन शब्द जवळून सुनवावेत म्हणून त्यानं दोर धरला आणि हिसका देत वर चढला. गाठ पक्की होती. वर येऊन तो वसंताच्या छातीवर आदळला आणि दोघंही बसकण मारून खाली बसले.

दोघं धापा टाकत राहिले. 

"गाठ बराबर हाये," चांदपाशा शेवटी म्हणाला.

"हायेच," वसंता म्हणाला.

तिथून माथा जवळच होता. माथ्यावर कचरूनं सांगितल्याप्रमाणे दगडं होती. भरपूर होती. त्याशिवाय वारा होता आणि एक वाळकं खुरटं झुडूप होतं, त्याच्या पाव सावलीत दोघांनी डोकी घातली. सरदारबीची बाटली दोघांत संपवली. गाद्या, सतरंजी, जनरेटर, वांगी, शिट्टी, गोळ्या, सगळी जंगी तयारी पायथ्याशी सुखरूप होती.

गावात दिवसातून चारदा गायब होणारी रेंज तिथं मात्र पूर्ण होती. वसंतानं मोबाईल काढला. ग्रुपवर धूम होती. भागवत गुरुजींनी बर्फाच्छादित शिखराचा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'अखेर नकटी सर!' त्यावर अभिनंदनाचा पाऊस पडत होता. कोणीतरी त्यांना 'पिंपळगावचा वाघ' म्हटलं होतं. गुरुजींनी नम्रपणे उत्तर दिलं होतं, 'श्रेय माझ्या संपूर्ण टीमचे.'

दोघं एकमेकांकडं बघायला लागले आणि मग हसायला लागले. हसता हसता चांदपाशाला ठसका लागला, वसंतानं त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या, जरा गरजेपेक्षा जोरात.

मग चांदपाशा कड्याच्या काठाशी सरकून बसला. खाली सगळा मुलूख पसरला होता. कपाशीची पांढऱ्या ठिपक्यांची वावरं, रस्ते, पत्र्यांची चमक. तो बोटानं गावं शोधायला लागला. त्या पत्र्यांमागच्या मैदानात त्यानं पाटलाच्या पोरीचा मांडव घातला होता, इतका मोठा की लोक दुरून बघायला आले होते. तिकडं नाल्यापलीकडं एक निकाह. त्या शाळेच्या पटांगणात तर किती.

"वसंता," तो म्हणाला, "तीस वर्षं झाली मांडव घालून राह्यलो. इथून एक बी दिसत न्हाई."

"दिसंल कसा? दुसऱ्या दिवशी आपणच काढतो."

"त्येच. गवंड्याचं घर दिसतं. लोहाराचं गेट दिसतं. आपलं काहीच न्हाई दिसत."

वसंतानं एक खडा उचलून कड्याखाली फेकला. "माझं तं सोडा," तो म्हणाला, "पोरगं म्हणतं, बापू, तुमचा धंदा म्हंजे भोकं पाडायची आन बुजवायची." मग त्यानं विचारलं, "इथं मांडव घालायचा म्हणलं तर बांबू रोवता येईल का हो?"

चांदपाशानं टाचेनं खडक ठोकून बघितला. "बिलकुल न्हाई. लोखंडी फ्रेम लागंल. आन चारी बाजूंनी दगडांना ताण."

"वारा पश्चिमेचा. तोंड पूर्वेला ठेवावं लागंल."

"नवरीला कसं आणशील वर?"

"पाळण्यात," वसंता म्हणाला. "पण तुमच्यासारखी नवरी असली तर क्रेन."

त्या उघड्या माथ्यावर, जिथं देवानंही जागा धरली नव्हती, दोघांनी एक पूर्ण लग्न लावलं. पंगत कुठं बसंल, साऊंड कोणीकडं तोंड करंल, यावर कडाक्याचं भांडण केलं. ऊन कलायला लागलं तेव्हा उठले.

उतरणं चढण्यापेक्षा वाईट निघालं. गुरुजींचं शास्त्र एवढ्याच बाबतीत खरं ठरलं. चांदपाशा बराचसा डोंगर बसून उतरला, त्यामुळं त्याच्या पँटचा मागचा भाग नकटीवरच राहिला. वसंताचे नवे बूट घसरणीवर सटकले आणि त्याचा घोटा मुरगळला. शेवटचा टप्पा दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून आले. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं की कोणत्या तरी लग्नातून दोन दोस्त जरा जास्त घेऊन परत येतायत.

राधेश्याम गादीवर झोपला होता. कचरू आणि वस्तीतली सगळी मंडळी बट्ट्या खाऊन तृप्त होती. "तुमच्यासाठी ठेवलंय," राधेश्याम जांभई देत म्हणाला आणि पातेल्याच्या तळाशी असलेलं वांग्याचं देठ दाखवलं. सूरज जनरेटरला टेकून बसला होता. त्यानं दोघांना एकाच गादीवर बसलेलं बघितलं आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात ग्रामपंचायतीसमोर सत्कार झाला. शाल भागवत गुरुजींना मिळाली. त्यांनी 'विरळ हवा आणि माणसाची जिद्द' या विषयावर भाषण केलं, ते संपेपर्यंत अंधारून आलं. चांदपाशा आणि वसंता मागच्या रांगेत बसले होते आणि पुढं लावलेल्या कनातीची शिवण उसवली आहे, यावर कुजबुजत होते.

तुळशीचं लग्न झालं, हंगाम सुरू झाला. वसंताचा घोटा सुजलेलाच. आणि त्याच्या अंगावर तीर्थपुरीची ऑर्डर होती. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पहिल्यांदाच मिळालेली. दोन गडी पाठवून भागणारं काम नव्हतं. तो खाटेवर पाय उशीवर ठेवून तळमळत होता, तेव्हा सरदारबी मटणाचा डबा घेऊन त्याच्या बायकोकडं गेली आणि जाता जाता सांगून आली, "वो सुबेच तीर्थपुरीकू निकल गये. तुमारा टेम्पो लेके. मेरेकू बी अब्बी मालूम हुआ."

दुपारी वसंताच्या मोबाईलवर फोटो आला. तीर्थपुरीचं मैदान, निळा-पांढरा मांडव, कनाती ताणून बसवलेल्या, एक सुरकुती नाही. मुख्य कमानीवर बोर्ड: 'जय रेणुका मंडप, पिंपळगाव रेणुकाई'.

वसंतानं फोटो मोठा करून बघितला. चारी कोपरे तपासले. बांबू किती गाडलेत ते बघितलं. मग फोन लावला.

"पाशाभाई, बोर्ड वाकडा लागलाय."

"माहीत हाये," पलीकडून हातोडीच्या आवाजातून चांदपाशा ओरडला. "लोकांना कळलं पाह्यजे ना, मालक इथं न्हाई म्हणून."